सकाळी आले, संध्याकाळी गेले

जत्रेच्या दिवशी गावाचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. गावात पाय ठेवायला जागा नसते, पाणी कमी पडतं, आणि दिवे लागले की पुन्हा सामसूम. ग्रीस देशात ऱ्होड्स नावाचं एक जुनं बंदर आहे. तिथं उन्हाळ्यात अशी जत्रा वरचेवर भरते. फरक इतकाच, की तिथली माणसं समुद्रातून येतात, क्रूझ जहाजांनी.

क्रूझ म्हणजे पाण्यावर चालणारं हॉटेल. एका मोठ्या जहाजात दोन-तीन हजार प्रवासी सहज मावतात. झोपणं, जेवण, करमणूक सगळं आतच. रात्रभर जहाज चालतं आणि सकाळी नव्या बंदराला लागतं. आपल्या कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुलं अशा जहाजांवर कामाला असतात.

ऱ्होड्सला जहाजातून उतरलं, की थोडं चालून जुन्या शहराचा दगडी तट लागतो. हा तट जवळजवळ 4 किलोमीटर लांब आहे. विशेष म्हणजे आत नुसते अवशेष नाहीत. तिथं आजही घरं आहेत, दुकानं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत.

प्रवासी पहिल्यांदा विचारतात, “तो मोठा पुतळा कुठे आहे?” सूर्यदेवाचा कांस्याचा पुतळा, आपल्या दहा मजली इमारतीएवढा उंच. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. पण तो दोन हजार वर्षांपूर्वीच भूकंपात पडला. आता त्याची खूणही उरलेली नाही.

उरलंय ते त्यानंतरचं. 1309 पासून 1522 पर्यंत इथं ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका पंथाचं राज्य होतं. या पंथाचं मूळ काम मात्र यात्रेकरूंची आणि आजाऱ्यांची सेवा. त्यांनी बांधलेलं मोठं दगडी रुग्णालय अजून उभं आहे. आज त्यात संग्रहालय आहे. पुढे तुर्कांचं राज्य आलं, मशिदी उभ्या राहिल्या. मग इटलीचं राज्य आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे बेट ग्रीसमध्ये आलं.

त्याच जुन्या शहरात ज्यू लोकांची वस्ती होती. जुलै 1944 मध्ये जर्मन सैन्यानं सोळाशेहून जास्त ज्यू माणसांना, बायकामुलांसकट, छळछावणीत पाठवलं. जिवंत राहिले ते दीडशेच्या आसपास. तिथल्या एका चौकात त्यांचं स्मारक आहे. पण घड्याळाकडे बघत चालणारे पुष्कळ पाहुणे त्याच्या शेजारून आइस्क्रीम खात निघून जातात. संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परतायचं असतं ना!

आता आपल्या कामाचा मुद्दा. या पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे जहाजाला आधीच दिलेले असतात. त्यामुळे पुष्कळ जण दुपारी जेवायलाही जहाजावरच परततात. गावात खर्च होतो तो सरबताचा, छोट्याशा आठवणवस्तूचा, कधी टॅक्सीचा किंवा वाटाड्याचा. गर्दी, कचरा, पाण्याचा ताण मात्र गावाच्या वाट्याला. म्हणून ग्रीसनं जुलै 2025 पासून क्रूझच्या प्रवाशांवर कर बसवला. ऐन हंगामात सॅंटोरिनी आणि मिकोनॉस या गर्दीच्या बेटांवर माणशी 20 युरो आणि ऱ्होड्ससारख्या इतर बंदरांवर 5 युरो, म्हणजे साधारण पाचशे रुपये.

पण कर गोळा करतं सरकार. गावातल्या बाईच्या हाती पैसा यायचा, तर पाहुणा थांबायला हवा. ग्रीसमधल्याच लेस्बोस बेटावर पेत्रा नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांनी 1983 मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली. त्यांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना राहायला दिल्या आणि सगळ्यांनी मिळून खानावळ चालवली. पाहुणा मुक्कामाला राहिला, की सकाळची न्याहारी गावातली, रात्रीचं जेवण गावातलं, आणि जाताना घेतलेली मुरंब्याची बरणीही गावातलीच.

आपल्याकडेही मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला माणसं येतात. काही जण होडीनं जाऊन येतात आणि लगेच गाडीत बसतात. काही जण मात्र तिथल्या घरांत मुक्काम करतात, सोलकढी पितात, कोकम आगळ बांधून नेतात. दोघांनी किल्ला एकच पाहिला, पण गावाला मिळालं ते वेगवेगळं.

तुमच्या गावात देऊळ असेल, लेणी असतील, धबधबा असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. पाहुणे किती तास थांबतात? जेवतात कुठे? विकत घेतात ती वस्तू आपल्या हातची की बाहेरून आणलेली? आणि त्यांना गावाची गोष्ट कोण सांगतं?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. काम कुठून सुरू करायचं, ते त्या वहीतच दिसेल. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.