इपॉक्सी टिकते ती खालच्या काँक्रीटच्या जोरावर

लातूर-नांदेडकडच्या नव्या बंगल्यांत पूर्वी पोर्चला शहाबादी फरशी असायची, मग खडबडीत पार्किंग टाइल्स आल्या. आता मोबाइलवर राखाडी, आरशासारखी चमकणारी जमीन दिसते आणि घरमालक ठेकेदाराला विचारतो, "आपल्याकडं असं होईल का?" होतं. दोन दिवसांत होतं. आणि पहिला पावसाळा सरला की चाकाखालचा भाग पापडासारखा सुटून येतो. मग गावभर एकच निकाल फिरतो : इपॉक्सी आपल्या हवेला चालत नाही.

हा निकाल चुकीचा आहे. हेच मटेरियल औषधांच्या कारखान्यांत आणि रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरांत वर्षानुवर्षं टिकतं. फरक डब्यात क्वचितच असतो. फरक असतो तो थराखालच्या काँक्रीटमध्ये, त्याखालच्या मातीत आणि त्यांच्यावर घेतलेल्या मेहनतीत. मराठवाड्यात काळी माती, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातलं ऊन एकाच घराच्या वाट्याला येतात, म्हणून तर हे इथं जास्तच खरं आहे.

"इपॉक्सी म्हणजे भारीतला ऑइल पेंट"

पहिली गल्लत इथेच होते. ऑइल पेंट हवेत वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, ती घडते. अराल्डाइटच्या दोन नळ्या आठवा : एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही चिकट द्रव राहतात, एकत्र केल्या की रासायनिक क्रिया होऊन दगडासारखा पदार्थ तयार होतो. स्वित्झर्लंडमधले पिएर कास्तां आणि अमेरिकेतले सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० आणि १९४०च्या दशकांत या रेझिनांचा पाया घातला. जमिनीवरची इपॉक्सी त्याच कुळातली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हार्डनरचं प्रमाण कंपनीने डब्यावर लिहिलेलंच पाहिजे, अंदाजाने नाही. "थोडा जास्त टाका, लवकर वाळंल" असं कामावर ऐकू आलं तर काम थांबवा. जादा हार्डनरला जोडीला रेझिन उरत नाही. तो तसाच पडून राहतो आणि थर चिकट किंवा ठिसूळ होतो. दोन, नुसतं "इपॉक्सी" म्हणून भागत नाही, जाडी सांगावी लागते. रोलरने मारलेला पातळ हात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा असतो, आपोआप सपाट पसरणारा थर १ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि वाळू मिसळून थापलेला थर त्याहून जाड. नाव एकच असलं तरी आयुष्य वेगळं. या थरांसाठी आपल्याकडे आयएस ४६३१ ही भारतीय संहिताही आहे, पण घरगुती कामात तिचं नाव क्वचितच कुणी काढतं.

जाडी खरी आहे की नाही, हे घरमालकाला स्वतः तपासता येतं. पाणी किंवा थिनर न मिसळलेलं १ लिटर मटेरियल १ चौरस मीटरवर पसरलं की १ मिलिमीटर जाडी होते. दहा बाय अठरा फुटांचं पोर्च म्हणजे १८० चौरस फूट, सुमारे १६.७ चौरस मीटर. तिथे २ मिलिमीटरचा थर हवा असेल तर ३३ लिटरच्या पुढे मटेरियल लागणार. असं मटेरियल लिटरला दीड किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ५० किलो. ठेकेदार पाच लिटरचा एक डबा घेऊन आला असेल, तर तो २ मिलिमीटर बोलतोय आणि ०.३ मिलिमीटर देतोय. डबे मोजा. वजन वाचा.

"जमीन जितकी गुळगुळीत, तितकी इपॉक्सी चांगली बसते"

आपल्याकडच्या बहुतेक जमिनी याच समजुतीने वाया जातात. त्याचं मूळ आपल्या मिस्त्रीच्या कौशल्यातच आहे. कोबा झाला की त्यावर सिमेंटचा नीरू टाकून थापीने घोटायचा, जमीन काचेसारखी करायची, ही त्याची शान. चालण्यासाठी ते ठीक आहे. पण घोटताना पाणी आणि बारीक सिमेंट वर येतं आणि वरचा पातळ पापुद्रा खालच्या काँक्रीटपेक्षा कमजोर राहतो. इपॉक्सी त्या पापुद्र्याला घट्ट धरते, पण पापुद्रा काँक्रीटला तितका घट्ट धरत नाही. सुटलेला तुकडा उलटा करून बघा : मागे सिमेंटचा राखाडी थर चिकटलेला असतो. म्हणजे इपॉक्सी सुटली नाही, कोबा सुटला.

यावर उपाय एकच, तो पापुद्रा काढणे. हिऱ्याच्या चकत्यांचं ग्राइंडिंग मशीन आणि सोबत धूळ ओढणारा व्हॅक्यूम, किंवा मोठ्या जागेत लोखंडी छर्रे मारणारं यंत्र. घासून झालेली जमीन बारीक सॅंडपेपरसारखी हाताला लागली पाहिजे आणि बारीक खडी डोकावली पाहिजे. चांगल्या कामात थर ओढून काढायला दर चौरस मिलिमीटरला किमान १.५ न्यूटन जोर लागावा, अशी अपेक्षा असते. घोटलेल्या पापुद्र्यावर तेवढी पकड मिळणं अवघड आहे.

काही जण ग्राइंडिंगऐवजी ॲसिड ओततात. बाथरूम धुवायचं ॲसिड जमिनीवर फेसाळलं की काम झालं असं वाटतं. पण त्याने खरखरीतपणा सगळीकडे सारखा येत नाही, तेलाचे डाग तसेच राहतात, आणि धुवायला बादल्यांनी ओतलेलं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं. ज्या ओलीपासून जपायचं, तीच आपण आत घालतो. शहाबादी किंवा टाइल्सवरून थेट इपॉक्सी मारायची सूचनाही अशीच. फरशीचे सांधे हलतात आणि तिच्या पोटात पाणी फिरतं. फरशी उखडून कोबा नव्याने करणं महाग वाटतं, पण दोनदा इपॉक्सी मारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

"वरून कोरडी आहे, म्हणजे कोरडीच आहे"

काँक्रीट ओलं दिसत नाही तरी त्यातून वाफ वर येत असते. उघड्या जमिनीतून ती निघून जाते, कुणाला कळत नाही. वरून हवाबंद थर दिला की ती थराखाली अडकते. सोबत सिमेंटचे क्षार विरघळलेले असतात. बोअरच्या जड पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमध्ये आणखी क्षार असतात. ज्या भिंतींना लोणा लागतो त्या घरांना हे सांगायला नको. थराखाली खारट ओल साठली की ती खालून आणखी पाणी ओढते, पाण्यात भिजत घातलेला मनुका फुगतो तशी. जमिनीवर नाण्याएवढे फोड येतात आणि फोडले तर आत चिकट पाणी निघतं. लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात ओलीचा त्रास कुठला, असं वाटणं साहजिक आहे. पण दुष्काळी भागातसुद्धा काळी माती भिजली की महिनोन्महिने ओल धरून ठेवते, आणि जमिनीखाली ओलीचा अडसर नसेल तर ती वर चढतेच.

तपासणी सोपी आहे. दीड फूट चौरस स्वच्छ प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि किमान १६ तास राहू द्या. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर इपॉक्सीची वेळ आलेली नाही. कोरडं निघालं म्हणून लगेच खात्री धरू नये. ठेकेदाराकडून मीटरने ओलावा मोजून घ्यावा. वजनाच्या ४ टक्क्यांहून कमी, ही सर्वसाधारण अट आहे. नव्या काँक्रीटला आधी २८ दिवस द्यावेच लागतात, पण २८ दिवस झाले म्हणजे ते कोरडं झालं, हाही गैरसमजच.

तळघरात हे सगळं दुपटीने लागू होतं. नांदेडला गोदावरीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात भूजल वर आलं की तळघराच्या जमिनीला खालून पाण्याचा दाब बसतो. पाण्याची पातळी जमिनीच्या १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन. "इपॉक्सी मारली की गळती बंद" असं सांगणारा ठेकेदार दुखण्यावर पट्टी बांधून आजार झाकतोय. गळतीचा इलाज बांधकामाच्या वेळी बाहेरच्या बाजूने करायचा असतो. ती वेळ गेली असेल तर चर, खड्डा आणि पंप लावून पाणी काढायचं, भेगा इंजेक्शनने भरायच्या, आतून काँक्रीटची छिद्रं स्फटिकांनी बुजवणारं वॉटरप्रूफिंग करायचं. मग ओल मोजायची. ती किंचितच असेल तर इपॉक्सी आणि सिमेंटच्या मिश्रणाचा खास थर आधी देता येतो. जास्त असेल तर माझा सल्ला सरळ आहे : तळघरात इपॉक्सी करू नका. काँक्रीट घासून, ते घट्ट करणारं डेन्सिफायर देऊन पॉलिश करा. ते श्वास घेतं, धूळ देत नाही आणि त्याचे पोपडे निघत नाहीत.

आता ज्यांचं बांधकाम सुरू आहे त्यांनी एवढं करावं : पोर्चच्या किंवा तळघराच्या काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद, सांध्यांवर एकावर एक चढवून, अंथरून घ्यावा. इतक्या कमी खर्चात इतकं काम करणारी दुसरी गोष्ट या सगळ्या प्रकरणात नाही.

"भेगा इपॉक्सीने झाकल्या जातात"

दोन महिने झाकल्या जातात. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच, तीच माती जोत्याच्या आत भरावाखालीही असते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत विकसित केली. आपल्याकडचे जुने गवंडी काळी माती काढून मुरूम भरत आले, त्यामागेही तेच शहाणपण. ते केलं नसेल तर जमीन दर वर्षी हलणार, आणि इपॉक्सीचा कडक थर तिच्याबरोबर तडकणार. हलणारी भेग आधी ओळखावी लागते, मग कापून लवचिक सीलंटने भरावी लागते. काँक्रीटचे मुद्दाम ठेवलेले सांधे थराखाली गाडायचे नसतात. ते वरच्या थरातही तसेच कापून ठेवायचे.

हवामानाबद्दल थोडंच. उष्णता १० अंशांनी वाढली की ही रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. २५ अंशांना चाळीस मिनिटं टिकणारी बादली मे महिन्याच्या दुपारी दहा-बारा मिनिटांत हातात धूर सोडू लागते. सकाळी तापत जाणाऱ्या काँक्रीटमधली हवाही वर येऊन थराला सुईएवढी छिद्रं पाडते, म्हणून जमीन निवू लागल्यावर, दुपार कलताना काम धरावं. पावसाळ्यात उलटी अडचण : दमट हवेत थरावर तेलकट पांढुरकी साय येते आणि पुढचा हात तिच्यावर बसत नाही. जमिनीचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असावं, ही अट चांगले ठेकेदार पाळतात. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यांत चांगला. दुसऱ्या दिवशी चालता येतं, गाडी मात्र आठवडाभर बाहेर ठेवावी.

"इपॉक्सी पिवळी पडली म्हणजे माल नकली" असंही ऐकतो. खरी इपॉक्सीही उन्हात पिवळी पडते, तो तिचा स्वभाव आहे. आपलं पोर्च दोन बाजूंनी उघडं असतं, त्यामुळे वरून ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिअस्पार्टिकचा शेवटचा हात हवाच. गरम टायरचाही प्रश्न खरा आहे : उन्हातून लांबून आलेल्या गाडीचे टायर स्वस्त थराला मऊ करून उचलतात. निसरडेपणाला शेवटच्या हातात क्वार्ट्झ वाळू पेरणं हा उपाय आहे, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर तो टाळू नये. मोटारसायकलच्या स्टँडखाली रबराचा तुकडा ठेवावा, कारण ओरखडे पडतातच. घडून पक्का झालेला थर रोजच्या वापरात निरुपद्रवी असतो. त्रास होतो तो लावणाऱ्या कामगाराला. हार्डनरची त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. त्या पोरांच्या हातात मोजे आहेत का, तळघरात पंखा लावलाय का, हे घरमालकाने जरूर बघावं. नसेल तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नये.

ठेकेदार आला की रंगांचा कॅटलॉग शेवटी मागा. आधी विचारा : ग्राइंडिंग कोणत्या मशीनने करणार, ओल कशी मोजणार, किती किलो मटेरियल येणार, भेगांचं काय करणार. ही चार उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या. आणि इपॉक्सी दिवाळीनंतर करायची असली, तरी प्लास्टिकच्या कागदाची पहिली तपासणी श्रावण-भाद्रपदात, खालची माती पूर्ण भिजलेली असतानाच करून ठेवा.