पाणबुड्यांचीं जुनीं घड्याळें

ठाण्याच्या वर्तकनगरांत म्हाडाची जुनी वसाहत आहे. अशा वसाहतींतील इमारतींचा आतां पुनर्विकास होत असून कुटुंबांना घर हलवावें लागतें. त्या वेळीं माळ्यावरची पेटी उघडते आणि क्वचित् तींतून आजोबांचें बंद पडलेलें मनगटी घड्याळ निघतें. तबकडी पिवळी पडलेली, काचेवर चरे, भोंवतीं फिरणारें आंकड्यांचें कडें. "घड्याळजीकडे देऊन नवें करून आणा," असें कोणी तरी म्हणतें. ही आज्ञा देण्यापूर्वीं श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें, हेंच आजच्या विवेचनाचें प्रयोजन.

तें कडें शोभेचें नव्हे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें सुटसुटीत साधन सिद्ध केलें. पाठीवर हवा घेऊन माणूस मोकळेपणानें बुडी मारूं लागला; मात्र ती हवा किती वेळ पुरेल, याचा हिशेब त्यालाच ठेवावा लागे. १९५३ सालीं ब्लांपँ कंपनीनें 'फिफ्टी फॅदम्स' हें घड्याळ काढलें. रोलेक्सचें 'सबमरीनर'ही त्याच सुमाराचें. फॅदम म्हणजे ६ फूट. अर्थात् ५० फॅदम म्हणजे सुमारें ९१ मीटर. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो; म्हणून झांकण व किल्ली यांचे सांधे रबरानें बंद करीत. बुडी घेतांना कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणली, कीं गेलेलीं मिनिटें थेट वाचतां येत. पुढें हें कडें एकाच दिशेनें फिरेल असें केलें गेलें. धक्क्यानें तें सरकलेंच, तर गेलेला वेळ अधिक दिसावा आणि पाणबुड्या लवकर वर यावा, हा त्यांतील हेतु.

स्विस घड्याळें मुंबईस नवीं नव्हेत. फेवर-ल्यूबा कंपनीचा येथील व्यापार १८६५ पासूनचा. तिच्या १९६८ च्या 'बाथी' घड्याळांत पाण्याच्या दाबानें लवचीक पडदा हले आणि वेगळा कांटा खोली दाखवी.

अशा घड्याळाचें मोल त्याच्या अस्सलपणांत असतें. जुन्या तबकड्या खरडून पुन्हां रंगविण्याचा उद्योग आपल्याकडे इतका फोफावला, कीं परदेशचे संग्राहक असल्या घड्याळांना उपहासानें 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यांची ओळख अवघड नाहीं: रंग भडक, अक्षरें जाड, मिनिटांच्या रेषा असमान, आणि कधीं तबकडीवर एका कंपनीचें नांव तर आंत यंत्र दुसरीचें. पिवळी पडलेली मूळ तबकडी एकदां खरडली, कीं ती कोणत्याही किंमतीस परत मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. १९६० च्या सुमारापर्यंत अंधारांत चमकणाऱ्या आंकड्यांसाठीं रेडियम वापरीत. त्याची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. चमकणारें द्रव्य झिजल्यामुळें आंकडे आतां उजळत नाहींत. तथापि रेडियम तसेंच असतें. काच बंद असतां धोका अल्प. परंतु तबकडी खरडतांना उडणारी भुकटी श्वासावाटे शरीरांत जाऊं शकते. म्हणून असें घड्याळ घरीं उघडूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. आंतील रबर कालांतरानें कडक होतें. तेव्हां तबकडीवर कितीही खोली लिहिलेली असो, घड्याळ पाण्यांत नेऊं नये.

घड्याळजीस इतकेंच सांगावें: यंत्र साफ करून तेल द्या; तबकडी, कांटे व कडें यांना हात लावूं नका; बदललेला प्रत्येक भाग परत द्या. जुनी पावती सांपडल्यास तीही जपावी. काचेवरचे चरे राहिले तरी चालतील. तेवढ्यावरून तें आजोबांचेंच घड्याळ आहे हें नातवंडांस ओळखतां येईल.