मयसभा – भाग 9 : तिरुभुवनमचं रेशीम आणि आपले दोन डोळे

शिकाऊ सर्जन आभासी शस्त्रक्रियागृहात हात कसा बसवतात, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. कारण चिंचवडच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय. लेकीच्या लग्नासाठी तिरुभुवनमची साडी घ्यायची आहे, तिकडे जाणं होत नाही आणि विक्रेता म्हणतो, फोनवरच अंगावर टाकून बघा. विश्वास ठेवावा का, असं त्या विचारतात. या प्रश्नात माझा जीव अडकला.

तिरुभुवनम तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमपासून सातआठ किलोमीटरवर. इथल्या रेशमाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावात तिसऱ्या कुलोत्तुंग चोळानं बांधलेलं कंपहरेश्वराचं देऊळही आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनं गंमत अशी, की एवढं थोरलं देऊळ आभासी जगात नेता येतं, पण सहावारी साडी नेताना भल्याभल्यांची दमछाक होते.

देऊळ तिथे नेण्याची एक युक्ती म्हणजे फोटोग्रामेट्री, फोटोंवरून वस्तूचा त्रिमितीय आकार उभा करणं. वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत एकच खूण हेरायची आणि तिच्याकडे जाणाऱ्या रेषा कुठे छेदतात ते काढायचं. दगडावरचा टवका डावीकडून पाहा नाहीतर उजवीकडून, तो जागचा हलत नाही. रेशमावरची चमक मात्र पाहणाऱ्याबरोबर सरकते. संगणक तिलाच खूण समजतो आणि सपाट कापडात खड्डे पाडून ठेवतो. त्यातून ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या रंगाचा असला, तर साडी जरा कलती केली की रंगच पालटतो. जरीचं तर बोलायलाच नको.

यावर उपाय निघालेत. 2020 साली आलेलं 'नर्फ' आणि 2023 मधलं 'गॉशियन स्प्लॅटिंग' या दोन्ही पद्धती प्रत्येक ठिपक्याचा रंग कुठल्या दिशेनं कसा दिसतो, तेही लक्षात ठेवतात. पण साध्या रूपात त्यांच्यात एक खोट राहते : फोटो काढताना जो उजेड होता, तोच त्या चित्रात मुरतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली टिपलेली साडी मांडवातल्या उन्हात कशी दिसेल, ते त्यातून कळत नाही.

आता माझा लाडका मुद्दा. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश डोव्ह या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं स्टिरिओस्कोपमध्ये, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणात, एक जोडचित्र ठेवलं. आकृती तीच, पण एका डोळ्याला पांढऱ्यावर काळी, दुसऱ्याला काळ्यावर पांढरी. दोन्ही चित्रं मॅट, तरी पाहणाऱ्याला आकृती चकाकताना दिसली! डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे चकचकीत वस्तूवरची तिरीप दोघांना सारखी पोचत नाही, आणि त्या तफावतीवरूनही मेंदू 'हे झळाळतंय' असं ठरवतो. 1858 साली लिनियस ट्राइप या छायाचित्रकारानं तंजावरची जोडचित्रं टिपली, ती याच स्टिरिओस्कोपसाठी. पण त्याच्यासमोर दगड होता, रेशीम नव्हे.

फोनचा पडदा दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवतो. तिथे रेशमाची चमक म्हणजे नुसता पांढुरका पट्टा. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र मिळतं, म्हणून झळाळी दाखवण्याची सोय निदान तिथे आहे.

तर बाई, फोनवर रंगसंगती बघा, काठाची रुंदी बघा, लेकीला पदर कुठवर शोभतो ते बघा. निऱ्यांवर मात्र विसंबू नका. अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये आधीच नेसवून ठेवलेलं चित्र अंगावर चिकटवतात, त्यात कापडाचं वजन कुठून येणार? पोत आणि झळाळी पारखायला विक्रेत्याकडून उन्हात साडी हलवतानाचा व्हिडिओ मागवा. डोळ्यांमधला फरक त्यातही नसेल, पण सरकती चमक तरी दिसेल. आणि तंजावरकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यालाच दुकानात धाडा.

सर्जन पुढच्या आठवड्यात नक्की. मात्र पैठणीबद्दल कुणी पत्र धाडलं, तर माझा भरवसा नाही.