कोंबडीचा बांधा व त्याची परीक्षा

ऱ्होड आयलंड रेड आणि बकाय या दोन्ही अमेरिकन जातींच्या कोंबड्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्या माणसास त्यांतील भेद सहसा उमगत नाही. दोन्ही तांबड्या, दोहोंची शेपटी काळी, दोहोंचे पाय पिवळे. बकायचा तुरा बुटका व तीन सरींचा असतो, एवढे फार तर ध्यानात येते. जाणता परीक्षक मात्र तुऱ्याकडे मागाहून पाहतो. ऱ्होड आयलंड रेडचे धड विटेसारखे लांबट चौकोनी असून तिची पाठ जमिनीशी समांतर असते. बकायची पाठ रुंद, काहीशी आखूड व शेपटीकडे उतरती असते आणि मांड्या भरदार असतात. कोंबड्यांच्या शौकिनांत एक जुने वचन रूढ आहे, ते असे की, बांध्याने जात ठरते, रंगाने केवळ उपजात. प्लिमथ रॉक पट्टेरी असो वा पांढरी, ती प्लिमथ रॉकच. परंतु तिचा बांधा गेला की रंग कितीही शुद्ध असला तरी जात उरत नाही.

हा बांधा शब्दांत बांधण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. इंग्लंडमध्ये टेगेटमायर यांनी संपादिलेले मानकांचे पुस्तक 1865 मध्ये निघाले. अमेरिकेत 1873 साली बफेलो येथे कुक्कुटपालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व पुढच्याच वर्षी तिने आपले मानक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक जातीचे डोके, मान, पाठ, छाती, पंख, पाय यांचे वर्णन असते आणि आकार व रंग यांचा विचार वेगवेगळा केलेला असतो. वजनेही ठरलेली असतात. उदाहरणार्थ, ऱ्होड आयलंड रेडचा पूर्ण वाढीचा कोंबडा साडेआठ पौंड व कोंबडी साडेसहा पौंड भरावी, असा संकेत आहे. वजन काट्यावर पाहता येते. पण ‘मध्यम लांब’ किंवा ‘भरदार’ म्हणजे नेमके किती, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते परीक्षकाच्या डोळ्यांत मुरलेले असावे लागते.

आणि डोळ्यांना फसविण्यास पिसे समर्थ असतात. भारतातील असील जातीची पिसे आखूड, कठीण व अंगास चिकटलेली असल्यामुळे तिचे रुंद खांदे व घट्ट मांस झाकले जात नाही. असीलचे रक्त घेऊन कॉर्नवॉलमध्ये निपजलेल्या आणि ब्रिटनमध्ये ‘इंडियन गेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्याचेही तसेच. ऑर्पिंग्टनची गोष्ट निराळी. विल्यम कुक यांनी 1886 मध्ये काळी ऑर्पिंग्टन तयार केली ती अंडी व मांस या दोन्हींसाठी. परंतु थोड्याच वर्षांत प्रदर्शनांत भाग घेणाऱ्यांनी तीत कोचीन व लँगशान यांच्या संकराची भर घालून इतकी विपुल व मऊ पिसे आणली की पक्षी गोळ्यासारखा दिसू लागला व त्याचे पायही झाकले गेले. प्रेक्षक हरखले; पिसांखाली किती कोंबडी आहे, हे मात्र कळेनासे झाले. उलट ऑस्ट्रेलियात गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनची निवड तेथील पालकांनी अंड्यांसाठी केली. तिच्यापासून ऑस्ट्रेलॉर्प ही जात निर्माण झाली आणि 1922–23 मध्ये तिच्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1,857 अंडी घातली. मूळ एक असूनही निवडीच्या कसोट्या बदलताच दोन भिन्न पक्षी निपजले.

म्हणून निष्णात परीक्षक पक्षी हातात घेतो. छातीखाली तळवा, पायांमध्ये बोटे आणि डोके परीक्षकाकडे, अशी ती पद्धत आहे. पक्षी धडपडत नाही, शांत राहतो; न राहिल्यास दोष बहुधा धरणाऱ्याचा असतो. मग दुसरा हात पाठीवरून फिरतो. खांद्यांपाशी पाठ किती रुंद आहे व ती रुंदी मागे टिकते की झपाट्याने निमुळती होते, हे बोटांना कळते. पंखांच्या मागे हात ठेवून छातीचा घेर अजमावतात, कारण हृदय व फुप्फुसे यांना जागा तेथे मिळते. छातीचे मधले हाड लांब व सरळ असावे. ते वाकडे असल्यास त्यावर मांस नीट चढत नाही. कवटीची रुंदीही पाहतात, कारण रुंद कवटीच्या पक्ष्याचे धडही रुंद असण्याचा संभव अधिक, असा पालकांचा अनुभव आहे. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत शेपटीखालील दोन बारीक हाडांमध्ये निदान दोन बोटे मावावीत, आणि त्या हाडांपासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत तीन-चार बोटांचे अंतर असावे. ही बोटांची मापे विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील वॉल्टर होगन यांनी आग्रहाने प्रचारात आणली.

एवढी यातायात दर पिढीला का करावी लागते, याचे उत्तर अनुवंशशास्त्रात आहे. तुऱ्याचा आकार मोजक्या जनुकांवर अवलंबून असतो. बेटसन यांनी 1902 मध्ये मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले, ते कोंबड्यांवरील अशाच प्रयोगांनी. तुरा एकदा स्थिर झाला की तो सांभाळणे सोपे असते. बांधा मात्र अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून घडतो, त्यात आहाराचाही वाटा असतो, आणि निवड ढिली पडली की तो हळूहळू ढासळतो. हा ऱ्हास एका वर्षात दिसत नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. रंग पाहून प्रजननासाठी पक्षी निवडणाऱ्याच्या कळपात पाच-दहा वर्षांनी चकचकीत पण किरकोळ कोंबड्या उरतात.

अशी वेळ येण्यास बाजारही कारणीभूत झाला. 1948 साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याची जी राष्ट्रव्यापी स्पर्धा झाली, तीत भरल्या छातीच्या आदर्श कोंबडीचा मेणाचा नमुना समोर ठेवून पक्ष्यांचे परीक्षण करण्यात आले. बांध्याचीच परीक्षा ती, पण जातीचा विचार सोडून केलेली. पहिला क्रमांक चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित पक्ष्यांनी पटकाविला. पुढे मांसाचा धंदा झपाट्याने वाढणाऱ्या संकरांच्या हाती गेला व जुन्या जाती शौकिनांच्या खुराड्यांत उरल्या. तेथे त्यांना बक्षिसे मिळाली. मांस आणि अंडी यांचा हिशेब मात्र मागे पडला.

बकाय त्यांपैकीच एक. ओहायो राज्यातील वॉरन येथील नेटी मेटकाफ या स्त्रीने थंड हवेत टिकणारी, फिरून खाणारी अशी ही कोंबडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण केली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे थोडेच कळप उरले होते आणि त्यांतील पक्षी मानकातील वजनाला पुरेनासे झाले होते. दुर्मिळ पाळीव प्राण्यांच्या संवर्धनाचे कार्य करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेने 2005 मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. कोठार आधी बांधावे, रंग मागून द्यावा, या पालकांच्या म्हणीप्रमाणे प्रत्येक तरुण पक्षी हातात घेऊन कवटी, घेर, पाठ व छातीचे हाड यांची तपासणी झाली. वजने नोंदली गेली. बारीक अंगाचे पक्षी दिसायला कितीही देखणे असले तरी प्रजननातून वगळले गेले. काही पिढ्यांतच कळपाचे सरासरी वजन वाढले व पक्षी पूर्वीपेक्षा लवकर बाजारास तयार होऊ लागले. बकायच्या पाठीवरील पिसांच्या मुळाशी पाटीच्या रंगाचा एक पट्टा असतो आणि मानकात त्याला महत्त्व आहे. पण तो पाहण्यासाठी पिसे उलगडण्याची पाळी येते ती सर्वांत शेवटी, हातांनी आपला निकाल दिल्यानंतर.