‘पे’ या क्रियापदाच्या मुळाशी

वडिलांच्या काळी आमच्या अडत दुकानाला बारदान पुरविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. जुनी पोती विकत घ्यावीत, फाटलेली शिवावीत आणि गठ्ठे बांधून आमच्याकडे आणून टाकावेत, हा त्यांचा व्यवसाय. एका वर्षी त्यांचे देणे बरेच महिने लांबले. दिवाळीच्या वहीपूजनाआधी दिवाणजींनी खाते काढले, काही पोती फाटकी निघाली म्हणून कसर कापली आणि उरलेली रक्कम नोकराहाती पाठवून दिली. पावती आली, वहीत नोंद झाली, खाते मिटले. त्यानंतर मात्र ते गृहस्थ दुकानाची पायरी चढेनात. वडिलांनी चौकशी केली तेव्हा दिवाणजींनी वही पुढे केली. वही पाहून वडील एवढेच म्हणाले, “पैसे पोचले, पण देणे भागले नाही.”

त्या वेळी मला हे वाक्य कोड्यासारखे वाटले होते. पुष्कळ वर्षांनी इंग्रजी शब्दांची कुळे चाळण्याचा नाद लागला आणि ‘पे’ या अगदी रोजच्या क्रियापदापाशी आल्यावर ते कोडे सुटले.

‘पे’ म्हणजे पैसे देणे, हे आज लहान मूलही सांगेल. २०१६ साली यूपीआय आल्यापासून तर हा शब्द आपल्या पेठांमध्ये इतका रुळला आहे की, तो परका आहे याची आठवणही राहिलेली नाही. परंतु या शब्दाच्या जन्माच्या वेळी त्यात पैसा नव्हताच. लॅटिन भाषेत ‘पॅक्स’ म्हणजे शांतता, तह. त्यावरून ‘पाकारे’ हे क्रियापद झाले; त्याचा अर्थ शांत करणे, समजूत घालणे. (रोमन सैन्य एखादा प्रदेश जिंकून दडपून टाकी, तेव्हाही हेच क्रियापद वापरले जाई. शांततेच्या नावाखाली काय काय खपते, हेही शब्द सांगून जातात.) मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते सावकाराच्या संदर्भात येऊ लागले. ज्याचे येणे आहे तो अस्वस्थ असतो, दारात येतो, बोल लावतो. त्याला शांत करणे म्हणजे ‘पाकारे’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘पायेर’ झाले आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा तिकडे गेला, त्यातून १२०० च्या सुमारास ‘पे’ इंग्रजीत आला.

विद्वान ‘पॅक्स’च्याही मागे जातात. बांधणे, पक्के करणे या अर्थाच्या एका आदिम धातूपासून तो निघाला असे ते मानतात; करार या अर्थाचा ‘पॅक्ट’ त्याच घरातला आणि आपला संस्कृत ‘पाश’ही त्याच कुळातला. दोन पक्षांना बांधून ठेवते ती शांतता, अशी ही कल्पना.

इंग्रजीत आल्यावर सुमारे तीनशे वर्षे ‘पे’ हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदला. पैसे देणे हा एक, आणि संतुष्ट करणे हा दुसरा. चौदाव्या शतकात चॉसरच्या काळी एखादा मनुष्य ‘अपेड’ आहे असे म्हटले तर तो तृप्त आहे, समाधानी आहे, असा अर्थ होई. पैशाचा तेथे संबंधही नसे. १५०० च्या सुमारास हा समाधानाचा अर्थ मावळला आणि केवळ रक्कम उरली. माझ्या मते त्या शब्दाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी हानी होय.

मग ‘पे’ येण्यापूर्वी इंग्रज देणे कशाने देत? त्यांचा स्वतःचा ‘यिल्दान’ असा शब्द होता. तो पुढे ‘यील्ड’ झाला. रोख्यांवरील उत्पन्नाला आपण ज्याला ‘यील्ड’ म्हणतो तो हाच, आणि व्यापाऱ्यांच्या संघाला असलेला ‘गिल्ड’ हा शब्दही त्याच गोत्रातला. घरचा शब्द मागे सरला आणि पाहुणा गादीवर बसला.

देणे आणि शांतता यांचे हे नाते एकट्या ‘पे’पुरते असते तर मी त्याला योगायोग म्हटले असते. नोकरी सोडणे या अर्थाने आज वापरला जाणारा ‘क्विट’ हा शब्द मूळचा ऋणमुक्तीचा आहे. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे निवांत, यावरून तो आला. मध्ययुगीन इंग्लंडच्या राजकोषात एखाद्याचा हिशेब पूर्ण झाला की त्यापुढे ‘क्विएतुस एस्त’ असा शेरा मारीत, म्हणजे हा मनुष्य आता मोकळा. हिब्रू भाषेत तर ‘शालोम’ म्हणजे शांती आणि ‘शिलेम’ म्हणजे त्याने देणे दिले. दोहोंचा धातू एकच. जर्मन कायद्याच्या भाषेत सावकाराचे देणे भागवण्यासाठी जे क्रियापद येते, त्यातही ‘फ्रीडन’ म्हणजे शांतता हाच शब्द दडलेला आहे.

रोमन लोकांचा देणे देण्याचा रूढ शब्द मात्र ‘सोल्वेरे’ हा होता. त्याचा मूळ अर्थ गाठ सोडणे. ज्याला सोडवता येते तो ‘सॉल्व्हंट’, ज्याला येत नाही तो ‘इन्सॉल्व्हंट’, अर्थात दिवाळखोर. येथे मराठी वाचकाच्या मनात ‘फेडणे’ हा शब्द आल्याशिवाय राहणार नाही. आपण वस्त्र फेडतो, नवस फेडतो, उपवासाचे पारणे फेडतो आणि कर्जही फेडतो. आवळलेले काहीतरी सुटे करावे, हा भाव सर्वत्र आहे. रोम आणि महाराष्ट्र यांनी तो एकमेकांकडून घेतलेला नाही. ऋणाचा काच दोघांनाही सारखाच जाणवला असावा.

आणि ‘पे’चा खरा जोडीदार मराठीत कोणता? वडिलांच्या तोंडचा, ‘भागवणे’. आपण तहान भागवतो, गरज भागवतो, देणेही भागवतो. त्यात रकमेपेक्षा शमन महत्त्वाचे. तसेच ‘पटणे’. जुन्या पेढ्यांवर हुंडी पटत असे, म्हणजे तिचे पैसे मिळत. आणि दोन माणसांचे पटते, म्हणजे त्यांच्यात सलोखा असतो.

इंग्रजीत ‘पे’ नावाचे आणखी एक क्रियापद आहे, ते जहाजाच्या फळ्यांतील सांधे डांबराने बुजविण्याचे. त्याचा उगम डांबर या अर्थाच्या लॅटिन ‘पिक्स’ शब्दात असून आपल्या ‘पे’शी त्याचे काही नाते नाही. लक्ष, भेट, आदर यांच्यासाठीही इंग्रज ‘पे’च वापरतो, म्हणजे भेट हेसुद्धा एक देणेच. आपल्या खिशातील नोटेवर धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचे वचन असते, त्याच्या इंग्रजी मजकुरातही ‘पे’ आहे आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते. ती केंद्र सरकारची नोट, तिच्यावर वित्त सचिवांची सही.

वडील दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बारदानवाल्यांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. कापलेली कसर त्यांनी वेगळ्या पुडीत बांधून नेली होती, परंतु ती लगेच काढली नाही. प्रथम खाली गोणपाटावर बसले, उशीर झाल्याबद्दल बोलले आणि फाटक्या पोत्यांची हकिकत ऐकून घेतली. ती पोती आमच्याच गोदामात गळतीखाली भिजली होती, हे तेव्हा कळले. मग पुडी पुढे सरकवली. वृद्धांनी ती न मोजताच बाजूला ठेवली आणि आत वळून चहा टाकायला सांगितले.

“भागले ना?” वडिलांनी विचारले.

“आता भागले,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पोत्यांचा गठ्ठा घेऊन त्यांची हातगाडी दुकानाच्या दारात उभी राहिली.