ज्या विनोदावर मोर्चा निघत नाही

2016 साली टीव्हीवरच्या विनोदाने दोनदा गडबड केली. जानेवारीत किकू शारदा या विनोदी नटाला हरियाणा पोलिसांनी अटक केली. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली म्हणून भक्त खवळले, धार्मिक भावना दुखावल्याचं 295-अ कलम लागलं आणि नटाला जामीन घ्यावा लागला. सप्टेंबरात अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी कलर्स वाहिनीवरच्या ‘कॉमेडी नाइट्स बचाओ’च्या सेटवर गेली. ‘पार्च्ड’ सिनेमाची प्रसिद्धी करायची होती, सोबत दिग्दर्शिका लीना यादव आणि राधिका आपटे. तिथे तिच्या सावळ्या रंगावरून कोट्या सुरू झाल्या. लहानपणापासून जांभळं फार खाल्लीस वाटतं, या जातीच्या. एक संपली की दुसरी. ती मध्येच उठून निघून आली आणि फेसबुकवर सविस्तर लिहिलं. वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, विषय मिटला.

किकूला अटक झाली हे चुकीचंच होतं. सप्टेंबरातही कुणाला आत टाकायला हवं होतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण दोन्ही प्रसंगांतला फरक डोळ्यात भरतो. बाबाच्या मागे डेरा होता. सावळ्या बाईच्या मागे कुणीच नव्हतं.

तनिष्ठाचा जन्म पुण्याचा. तिच्या त्या लिखाणात जांभळांपेक्षा एक वेगळी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिला एकदा कुणीतरी आडनाव विचारलं होतं. चॅटर्जी, म्हणजे ब्राह्मण. मग आईचं माहेरचं आडनाव. मैत्र, म्हणजे तीही ब्राह्मणच. मग रंग असा कसा, हा प्रश्न तोंडाने विचारला गेला नाही, पण तो विचारायचाच होता. रंगावरचा विनोद आपल्याकडे नुसत्या रंगावर नसतो. त्यात जात असते, हातावरचं पोट असतं, उन्हात राबणं असतं. म्हणूनच ‘आमच्याकडे वर्णद्वेष नाही, तो गोऱ्यांच्या देशात’ हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं.

प्रेक्षकांमध्येही तेव्हा सरळ दोन तट पडले. बरेच जण तिच्या बाजूने बोलले. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की कार्यक्रमच टर उडवायचा आहे, माहीत असून गेलीस कशाला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण टर उडवायला माणसाचं काम असतं, पडलेले सिनेमे असतात, बोलण्याची ढब असते. ते सगळं सोडून गाडी कातडीवरच का अडते? कारण तिथे लेखकाला काही लिहावंच लागत नाही.

लाइट गेली आणि फक्त दात दिसले, हा विनोद बघा. शाळेच्या गॅदरिंगपासून मोठ्या वाहिन्यांपर्यंत तो किती वर्षं चालतोय कुणास ठाऊक. त्यात रचना नाही, कलाटणी नाही. ‘काळा म्हणजे ध्यान’ हे अर्धं वाक्य प्रेक्षक घरूनच घेऊन येतो, नटाने फक्त बोट दाखवायचं. तीन सेकंदांचं काम. पुढचं काम कॅमेरा करतो. विनोद झाला की तो परीक्षकांकडे वळतो, ते मान मागे टाकून हसतायत. मग पाहुण्यांकडे. मग ज्याच्यावर विनोद झाला त्याच्याकडे, आणि त्यानेही हसायचं असतं. नाही हसला तर ‘खिलाडूवृत्ती नाही’. घरी बसलेल्या माणसाला या चेहऱ्यांतून कळतं की इथे हसायला परवानगी आहे.

आपली जुनी बतावणी अशी नव्हती का? होती, अंगावरचा विनोद तिथेही होताच, उगाच सोवळं करण्यात अर्थ नाही. पण तमाशातल्या सोंगाड्याला एक मुभा होती. पुढच्या रांगेत बसलेल्या पाटलाची, सावकाराची, वगातल्या राजाची तो भर जत्रेत रेवडी उडवायचा, आणि फडातले बरेचसे कलावंत गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतले. विनोद खालून वर जायचा. टीव्हीच्या स्किटने बतावणीची चाल उचलली, पण पुढच्या रांगेत आता सिनेमाची प्रसिद्धी करायला आलेले तारे बसतात. त्यांची रेवडी उडवायची तर उद्या पाहुणे मिळायचे नाहीत. मग टोपी फिरते ती आपल्याच मंडळींतल्या जाड्या, बुटक्या, काळ्या नटाकडे.

सगळेच असं करत नाहीत. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून यायचा तेव्हा त्याच्या केसांवर, कपड्यांवर, अवतारावर शेरे व्हायचे. पण त्याची एंट्रीच हिरोची. पवईच्या वस्तीचं नाव तो छाती काढून सांगायचा आणि सगळे शेरे अंगावर घेऊन पुन्हा वरचढ ठरायचा. सोंगाड्याचा वारसा म्हणायचा तर हा. अडचण वेगळीच आहे. बारा-पंधरा मिनिटांचं स्किट आता पूर्ण बघतं कोण? व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर येतो तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि त्यात शेरा असतो, उत्तर नसतं. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-वाशीच्या एखाद्या वर्गात सावळ्या पोराला दुसऱ्या दिवशी चिकटतं ते त्या तुकड्यातलं नाव.

नटांनी माफी मागितल्याचे प्रसंग मराठीतही आहेत. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव महाराज यांच्या छायाचित्रात फेरफार झाल्यावर 2020 मध्ये संताप उसळला, सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी माफी मागितली. पुढच्या वर्षी नारायण राणे यांच्यासारखं पात्र दाखवल्यावरून त्यांनी राणेंची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. पहिल्या प्रसंगात लोकांचा राग रास्त होता. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. राजकारण्याची नक्कल नाही करायची तर कुणाची करायची? पण दोन्ही ठिकाणी तक्रार करणारा ठरलेला होता. काळ्या रंगाची संघटना नाही, पुतळा नाही, जयंती नाही.

आणि ज्यांनी तक्रार करावी ते आपण, प्रेक्षक, कसे आहोत? स्टार प्रवाहवर 2019 मध्ये ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली. सावळ्या दीपाची, रंगावरून छळ सोसणाऱ्या सुनेची गोष्ट. भूमिका केली रेश्मा शिंदेने, आणि त्यासाठी तिला मेकअप लावून सावळं केलं गेलं. सावळी नटी मिळाली नाही का, असं काही प्रेक्षकांनी विचारलं. बाकीच्यांनी मालिका टीआरपीच्या वरच्या पायरीवर नेऊन बसवली. रंगभेदाविरुद्धच्या गोष्टीतही सावळ्या मुलीला काम मिळालं नाही, हा विनोद मात्र कुठल्याच स्किटमध्ये आला नाही.

धाराशिवच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात लग्नाचा बायोडाटा करायला जा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची आणि मग ‘वर्ण’. ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर साचा तयारच असतो आणि त्या ओळीत बऱ्याचदा आधीच्या गिऱ्हाइकाचं ‘गोरा’ तसंच राहिलेलं असतं. पोरगी उन्हात रापलेली असली तर बाप थोडा घुटमळतो आणि ‘निमगोरा’ लिहायला सांगतो. ‘सावळा’ क्वचित. ‘काळा’ लिहिलेला बायोडाटा मी आजवर बघितलेला नाही. रात्री याच घरात जांभळाच्या विनोदावर हसू येतं, त्यात नवल काय? आपली तुळजाभवानी काळ्या पाषाणाची, विठोबा काळा, हे भाषणात सांगायला छान आहे. त्याने एकही स्थळ जमलेलं नाही.

धाराशिव जिल्ह्याला खरं तर रंगाच्या टवाळीचं एक फार जुनं प्रकरण माहीत असायला हवं. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरने निजामशाहीचा एक वारस दुसरा मुर्तझा म्हणून गादीवर बसवला आणि राजधानी केली परंड्याला. आजही तो किल्ला खंदकासकट उभा आहे. अंबर जन्माने इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजार फिरत फिरत दख्खनला पोचलेला. त्याने जहांगीरला इतकं जेरीस आणलं की बादशहाने आत्मचरित्रात त्याचा उल्लेख करताना काळ्या तोंडावरून शिवी घातली. तेवढ्यावर भागलं नाही. साधारण 1616 च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढलं: पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. चित्रावरच्या फारसी मजकुरात त्याच्या रात्रीसारख्या रंगावर आणि घुबडावर कोट्या आहेत. दरबाराने वाहवा केली असणार, दरबाराचं कामच ते. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र हरवल्या, त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, आणि 1626 मध्ये तो आपल्या मरणाने गेला. तेव्हा जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमद खानाने त्याच्या युद्धकौशल्याला आणि कारभाराला तोड नव्हती असं लिहून ठेवलं. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. आणि परंड्यात आजही धटिंगण काळ्या पोराला चिडवायला अंबरसारख्यांसाठीचाच ‘हबशी’ हा शब्द निघतो.

रंगाशेजारी दुसरा चोरटा विनोद बोलीचा आणि प्रांताचा. लुंगी, ‘अय्यो’ आणि ठसक्याची हिंदी एवढ्यावर ‘अण्णा’चं पात्र उभं राहतं. 1960 मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने दाक्षिणात्यांना ‘यंडुगुंडू’ म्हणून हसायला शिकवलं. कार्यालयांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या, आणि काही वर्षांतच मुंबईत उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. दादर-परळमध्ये बसून हा विनोद ऐकणं वेगळं. उमरग्याकडे कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, सून आळंदची, मामा बसवकल्याणचा, आणि जेवताना एकाच ताटावर मराठी-कानडी दोन्ही चालतात. तिथे टीव्हीवरचा अण्णा बघून हसायचं तर सासुरवाडीकडे बघून हसावं लागतं. शिवाय हैदराबाद संस्थानातून आलेली आपली उर्दूमिश्रित, हेल काढणारी बोली पुण्या-मुंबईच्या स्किटमध्ये अडाण्याची बोली म्हणून येते, तेव्हा आपलं हसू जरा उशिराच फुटतं.

हसणारा नेमका कशाला हसतोय, हे ओळखायला विनोद करणाऱ्यालाही वेळ लागतो. अमेरिकेत डेव्ह चॅपेल हा काळा विनोदवीर वंशावरचीच स्किटं करून अफाट गाजला. 2005 मध्ये तिसऱ्या पर्वाचं चित्रीकरण चालू असताना तो सगळं टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. करार काही कोटी डॉलरचा होता. नंतर ओप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात त्याने कारण सांगितलं: काळ्यांच्या साचेबद्ध प्रतिमांची खिल्ली उडवणारं एक स्किट चालू होतं आणि सेटवरचा एक गोरा माणूस हसला. ते हसू त्याला विनोदाला दिलेलं वाटेना, त्या प्रतिमेलाच दिलेलं वाटलं. स्किटं तीच, लेखक तोच. हसणारा बदलला होता.

आता नियमांचं. तोही भाग मजेशीर आहे. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमावलीत जाहिरातींसाठी वेगळी संहिता आहे आणि कार्यक्रमांसाठी वेगळी. वंश, जात, रंग, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची टिंगल करणारी जाहिरात दाखवता येत नाही. ‘रंग’ असा शब्दच तिथे आहे. कार्यक्रमांच्या संहितेत वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांना हिणवणारं चित्रण नको असं म्हटलंय, म्हणजे अण्णाच्या पात्राला कलम सापडतं. रंगाचं नाव मात्र त्या यादीत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर प्रेक्षकाने आधी वाहिनीकडे तक्रार करायची, वाहिनीने 15 दिवसांत निकाल द्यायचा, समाधान नाही झालं तर वाहिन्यांच्याच स्वयंनियमन मंडळाकडे जायचं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं वाक्य लिहून ठेवलेलं बरं, कारण महिन्याभराने आठवत नाही. रंगावरच्या कोटीची तक्रार करायची तर ती ‘अभिरुची आणि सभ्यता’ या ढगळ कलमात किंवा स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या कलमात बसवून लिहावी लागते. तोच जांभळाचा विनोद मधल्या ब्रेकमध्ये, एखाद्या साबणाच्या जाहिरातीत आला असता, तर नियमाची एक ओळ पुरली असती.