भुसा उडतो तिथेच पकडा

फर्निचरच्या छोट्या कारखान्यात जमिनीवर साचणारा भुसा झाडून काढता येतो. एमडीएफ घासताना उडणारी बारीक धूळ मात्र तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासावाटे छातीत खोलवर जाते. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

धूळ ओढणारी यंत्रणा घेताना ब्लोअर किती हॉर्सपॉवरचा, हे सगळे आधी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न ओढणारे तोंड कुठे बसणार, हा हवा. उघड्या पाइपापासून त्याच्या व्यासाइतके दूर गेले, की तोंडाशी असलेल्या वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम १४ सुद्धा धूळ जिथे निर्माण होते, तिथून शक्य तितक्या जवळ शोषण करायला सांगत असे.

पाइपातल्या हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर ठेवावा, नाहीतर भुसा तळाशी बसून पाइप तुंबतो. १०० मिलिमीटरच्या पाइपाला त्यासाठी तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा लागते. लवचीक होज वेग खातो, म्हणून तो यंत्रापाशी हातभरच असावा.

जाड भुसा सायक्लोनमध्ये खाली पडतो, उरलेली धूळ फिल्टरच्या पिशवीत अडते. विरळ विणीची स्वस्त पिशवी घेऊ नका. ती सर्वांत घातक कण पुन्हा खोलीतच सोडते.

धातूच्या पाइपांना अर्थिंग हवेच. बंदिस्त जागेत हवेत पसरलेल्या कोरड्या धुळीचा ठिणगीने स्फोट होतो, त्यामुळे लोखंड घासायचा ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडू नये.